जव्हार ते मोखाडा, अमेरिकेमार्गे

भावाने अमेरिकेहून पाठवलेलं ते खोकं मी ठाण्याला त्याच्या मित्राच्या घरून आणलं आणि एसटीत मांडीवर धरून जव्हारला पोचले. त्याचं पुढे काय करायचं, हे मला अजिबात माहीत नव्हतं. जव्हारला ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. इंटरनेटची वायर या खोक्यात घालायची, खोक्याला साधा फोन जोडायचा, की आपल्या घरात अमेरिकेचा नंबर सुरू होतो, असं भावाने सांगितलं होतं. मग बाबा त्याच्याशी हवं तितकं बोलू शकतील, आणि बिलाची काळजी नाही.

बाबा म्हणजे आमचे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव साखरशेत, पण आईच्या आजारपणात दवाखाना जवळ हवा म्हणून आम्ही जव्हारला घर केलं होतं. आई गेली, घर राहिलं. मी मोखाड्याच्या शाळेत शिक्षिका. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. माझं लग्न झालं नाही. ते का, हा वेगळा विषय आहे. दिवसा बाबांजवळ एक मावशी असायच्या. त्या स्वयंपाक करायच्या, बाबांना जेवू घालायच्या आणि उन्हं कलली की आपल्या पाड्यावर जायच्या.

खोकं लावायला माझा एक पूर्ण रविवार गेला. त्याची पिन आपल्याकडच्या सॉकेटमध्ये बसेना, म्हणून अडॅप्टर आणावा लागला. मग वीज गेली. वीज आली तेव्हा इंटरनेट गेलं. दुसऱ्या फोनवरून भाऊ एकेक पायरी सांगत होता, आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून इंग्रजी पानावर त्या खुणा शोधत होते.

"ताई, आता डायलिंगचे नियम असं लिहिलेलं दिसतंय का?"

"दिसतंय."

"बाबांनी एक दाबलं की मला फोन लागला पाहिजे. तिथे एक लिही आणि पुढे माझा नंबर टाक."

मी टाकला. बाबांनी एक दाबलं आणि फोन कानाला लावून बसले. काहीच होईना. शेवटी भावाला आठवलं, की तिकडे लांबचा फोन लावताना पहिला आकडा एक हाच असतो. बाबांनी एक दाबलं की खोकं मुकाट्याने पुढच्या आकड्यांची वाट बघत बसायचं. मग आम्ही एकाच्या जागी सात केला. बाबांच्या लक्षात राहावं म्हणून मी माझ्या पाकिटातली एक लाल टिकली काढून सातच्या बटणावर चिकटवली.

दुसरा नियम वीज जाण्याचा. भारनियमनात खोकं बंद पडायचं. तेव्हा भावाचा फोन आला तर तो घरातल्या जुन्या फोनवर वळावा, आणि तिथेही कोणी उचलला नाही तर माझ्या मोबाइलवर यावा, अशी सोय केली. संध्याकाळी सगळं जमलं. बाबांनी टिकली दाबली, पलीकडून भावाचा आवाज आला, आणि बाबा हसले. मला मात्र वह्या तपासायच्या होत्या.

पहिले काही महिने बरे गेले. मग बाबा विसरू लागले. आधी किल्ल्या, मग वार, मग जेवलो की नाही ते. भावाशी बोलणं झालंय, हेही ते विसरायचे. फोन ठेवला की थोड्या वेळाने पुन्हा टिकली दाबायचे. मावशी सांगायच्या, "ताई, बाबा आज बी नीट जेवलं नाय. फोनलाच चिकटून बसलं व्हतं."

माझ्या शाळेची वेळ म्हणजे भावाकडची रात्र. एका संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाजच उतरलेला होता.

"ताई, मला झोप नाही. फोन बंद ठेवला तर वाटतं, खरंच काही झालं असेल तर? आणि उचलला तर तेच. जेवलास का, कधी येणार."

"मग काय करू या?"

"इथे वेळेचा नियम लावता येतो. माझ्या रात्रीच्या वेळी आपल्या घरून आलेला फोन दुसऱ्या नंबरवर वळवता येतो. तुझ्या मोबाइलवर वळवू?"

मी वळव म्हणाले. कोणाला तरी झोप मिळायला हवी होती. त्याची मुलं लहान होती, नोकरी नवी होती. असं काही आलं की ते माझ्याकडेच वळायचं, हे आमच्या घरात कोणत्याही खोक्याच्या आधीपासून चालत आलं होतं.

तेव्हापासून बाबांनी जव्हारच्या घरात टिकली दाबली की तो फोन अमेरिकेला जायचा आणि तिथून फिरून मोखाड्याला माझ्या मोबाइलवर यायचा. आमच्या शाळेत रेंज फक्त व्हरांड्याच्या एका टोकाला मिळायची. मी मोबाइल तिथल्या खिडकीच्या गजाला पिशवीत अडकवून ठेवायचे. वाजला की वर्ग सोडून धावायचं. बाबांचा आवाज एवढं अंतर कापून यायचा, की प्रत्येक वाक्यानंतर जराशी पोकळी राहायची.

पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "बाबा, मी आहे. ताई."

"तू? तू तिकडे कशी गेलीस? सकाळी तर शाळेत गेलीस ना?"

मी समजावायला लागले, तर ते जास्तच घाबरले. त्यांनी फोन आपटला आणि लगेच पुन्हा लावला. मी पुन्हा नाव सांगितलं, त्यांनी पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी मी फक्त "हॅलो बाबा" म्हटलं.

"कोण, सूनबाई का? तो कुठाय?"

आत वर्गात गलका वाढला होता. "ते कामावर गेलेत, बाबा," मी म्हणाले.

"बरं बरं. असू दे. जेवला का तो?"

"जेवले."

ते एकदम शांत झाले. त्या दिवसापासून शाळेच्या वेळात मी माझ्या भावजयीच्या जागी बोलू लागले. भावाला आणि तिला मी हे सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "ताई, चालू द्या. त्यांना बरं वाटतंय ना."

सुनेशी ते निराळंच बोलायचे. तिला ते भातलावणीचं आवण कसं झालं ते सांगत, साखरशेताच्या घरावरची कौलं चाळायला हवीत म्हणत. मावशींनी नाचणीची भाकरी जाड केली, हेही सांगत. मी हो हो करायचे आणि एका कानाने वर्गाकडे लक्ष ठेवायचे. थंडी सुरू झाली, तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, भावाची रात्र आपल्याकडे तासभर उशिरा संपू लागली, आणि मग माझ्या परतीच्या एसटीतही फोन येऊ लागले. वळणांवर रेंज तुटायची. बाबा पुन्हा लावायचे. शेजारचे प्रवासी बघायचे.

एकदा मधल्या सुट्टीत फोन आला. मुलं खिचडी खायला बसली होती.

"सूनबाई, एक काम कर. त्याला म्हणावं, बहिणीला महिनाभर तिकडे बोलावून घ्या."

मी मुलांकडे पाठ फिरवली.

"ऐकतेस ना? फार थकलीय पोर. संध्याकाळी येते ना, तेव्हा चपला काढून दारातच उभी राहते. नुसती उभी. आत यायचा धीर होत नाही तिला. मला खुर्चीतून दिसतं सगळं."

"मग तुम्ही तिलाच का नाही म्हणत, बाबा?"

"तिला म्हटलं तर म्हणेल, मी कुठे दमलेय? आईचं सगळं तिनेच काढलं, आता माझं काढतेय. बोलायची सवयच राहिली नाही तिला."

"रागावते का तुमच्यावर?"

"रागावते की. रागावणारच. माणूस आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून."

नंतरचे तास मी कसे घेतले ते आठवत नाही. संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या, आणि उभी राहिलेय हे माझं मलाच कळलं. बाबा खुर्चीत होते. "उशीर झाला का गं, बाय?" एवढंच म्हणाले. दुपारचं त्यांच्या मनात काही उरलेलं नव्हतं. मी चहा ठेवला.

चहा झाल्यावर भावाला फोन लावला आणि बाबा काय म्हणाले ते सगळं सांगितलं.

"बाबा असं म्हणाले?"

"तुझ्या बायकोला म्हणाले. मला नाही."

तो हसला. "येतेस का मग इकडे? तिकीट काढतो."

"मला अमेरिका नको रे. मला झोप हवीय. तू ये."

आजवर मी त्याला असं कधी म्हटलं नव्हतं. तो लगेच हो म्हणाला नाही. रजा, नोकरी, मुलांच्या शाळा, हे सगळं त्याने बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "तू ये."

जानेवारीत तो एकटाच आला. बाबांनी त्याला ओळखलं नाही. आधी त्यांना तो वायरमन वाटला, मग साखरशेताचा कोणी. भाऊ त्यांना अंघोळ घालायचा, पेपर वाचून दाखवायचा, आणि कधीकधी मागच्या खोलीत जाऊन बसायचा. तो तिकडे नाही म्हणून त्याने घरून येणारा फोन दिवसभर माझ्याकडेच वळवून ठेवला होता. तो समोर बसलेला असतानाच एका दुपारी बाबांनी टिकली दाबली, आणि माझा मोबाइल मोखाड्याला खिडकीत वाजला.

"सूनबाई, आपल्या घरात एक माणूस राहायला आलाय."

"कसा आहे?"

"चांगला आहे. ताईला काम करू देत नाही. सकाळी तिला उठवत नाही, स्वतःच चहा करतो." मग त्यांनी विचारलं, "राहू दे ना त्याला?"

"राहू द्या, बाबा," मी म्हणाले. त्यांच्यामागे भाऊ नाक ओढत होता, ते मला ऐकू आलं.

तो महिनाभर राहिला. त्या महिन्यात मी रविवारी दुपारी झोपले, अगदी दिवे लागेपर्यंत. जाण्याआधी त्याने मावशींशी बोलून त्यांच्या भाचीला पूर्ण दिवसासाठी ठेवलं, आणि माझ्या बदलीच्या अर्जासाठी माझ्याबरोबर हेलपाटेही घातले. बदली पुढच्या जूनमध्ये झाली, जव्हारलाच.

पण त्याच्या आधीच बाबा फोन विसरले. टिकली दिसायची, ती कशाची ते कळायचं नाही. व्हरांड्यातला माझा मोबाइल वाजेनासा झाला. आता शिकवताना मध्येच थांबावं लागत नव्हतं, आणि वर्ग सुटला की मी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून पडायचे. सोबतच्या बाईंनी एकदा विचारलं, वडील कसे आहेत? मी म्हणाले, शांत आहेत. त्या म्हणाल्या, बरं झालं. मला बरं झालं म्हणवेना, आणि वाईटही म्हणवेना. घंटा होईपर्यंत मी तशीच डोळे मिटून पडून राहिले.