तीनशे ऐंशी व्होल्टची मोटार

गुलाबरावांचा राजीनामा फोरमन मधुकररावांनी दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

"काहून जी, डोकं फिरलं काय? लोक कायम व्हायले इथं नाक घासून राहिले, अन् तुम्ही सोडून चालले?"

"पोरं घरी एकटी असतात, साहेब."

"मंग बायकोले सोडायले सांगा ना नोकरी!"

गुलाबरावांनी नमस्कार केला. सायकल काढली आणि वरठीच्या कंपनीतून कारध्याला घरची वाट धरली. हे १९८१ सालच्या जानेवारीतलं.

त्यांची बायको उषाबाई सरकारी नर्स होती. दिवाळीनंतर तिची बदली भंडाऱ्याहून पवनीकडच्या एका उपकेंद्रात झाली. तिथं मुक्कामी राहणं भाग होतं. बाळंतपणाचं बोलावणं कधी येईल याचा नेम नसे. त्यामुळं ती शनिवारी यायची आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत जायची. इकडे गुलाबराव कंपनीत तीन पाळ्यांत. एके दिवशी ते शाळेत फी भरायला गेले, तेव्हा गुरुजींनी हजेरीचं पान त्यांच्यापुढं सरकवलं. नऊ वर्षांची विशाखा आठ दिवस गैरहजर होती. पाच वर्षांच्या आनंदला सांभाळायला घरी कोणी नव्हतं, म्हणून ती पोर कोणाला न सांगता घरीच थांबत होती.

दोघांपैकी एकानं घरी राहायचं, तर कोणी? उषाबाईची नोकरी सरकारी, घरून करता न येणारी. गुलाबरावांच्या हातात मात्र मोटार वाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळण्याचं काम होतं, अकरा वर्षांचं. ते घरून होऊ शकत होतं.

उषाबाईनं मुदत घातली. "जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत पाहा. नाही जमलं तर पोरं माझ्या आईकडे साकोलीला जातील, अन् तुम्ही नागपूरला नोकरी शोधा."

"मंजूर," गुलाबराव म्हणाले.

कारध्याच्या भाड्याच्या घराची पुढची खोली दुकान झाली. बाहेर टिनाची पाटी लागली. आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा डबा आणि दोन मोठे बल्ब बसवलेली लाकडी पेटी. वार्निश पाजलेली मोटार त्या पेटीत सुकायची. सकाळी पोळ्या लाटायच्या, विशाखाच्या वेण्या घालायच्या, आनंदला पाटी-पेन्सिल देऊन दाराशी बसवायचं आणि मग काम. रस्त्यानं जाणारे टोमणे मारत. "काय जी गुलाबभाऊ, आज काय रांधलं? नर्सबाईले डबा पाठवला का नाही?"

"वांग्याची भाजी आहे, येता काय?" गुलाबराव तार ओढता ओढता विचारत.

पहिलं मोठं गिऱ्हाईक सेवकराम. वैनगंगेच्या काठाला त्यांची वांग्यांची वाडी होती आणि नदीवर पाच हॉर्सपॉवरचा पंप. चार वर्षं चाललेली मोटार मार्चमध्ये जळली. गुलाबरावांनी ती उघडली, जुनी तार मोजली आणि मान हलवली. एकेका गुंडाळीत छत्तीस फेरे हवेत, तिथं आधीच्या मिस्त्रीनं तेहतीसच घातले होते. वर तारही एक नंबर जाड. गुलाबरावांनी ती चूक दुरुस्त केली. नेमप्लेटवर चारशे पंधरा व्होल्ट लिहिलं होतं, त्याप्रमाणं बरोबर छत्तीस फेरे घातले. काम इतकं देखणं झालं की झाकण लावताना त्यांच्या जिवावर आलं.

मोटार नवव्या दिवशी जळली.

पुन्हा छत्तीस. पुन्हा तीच सफाई. यावेळी अकरा दिवस.

सेवकरामनं मोटार उंबऱ्यावर आदळली. "तुमच्यापेक्षा आमचा भैय्यालाल मिस्त्री बरा जी! त्याले नेमप्लेट वाचता येत नोहती, पण मोटार तर चालत होती."

सेवकराम मोटार पुन्हा बैलगाडीत घालून निघून गेले. हे बोलणं गुलाबरावांना लागलं. एप्रिल अर्धा सरला होता, आणि दोनदा जळलेल्या मोटारीची बातमी कारध्यातच नव्हे, पुलापलीकडे भंडाऱ्यातही पोचली होती. दुसरं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबरावांनी व्होल्टेज मोजायचा मीटर घेतला, आनंदला सायकलच्या दांडीवर आणि शाळेला सुट्टी होती म्हणून विशाखाला मागं बसवलं आणि नदीवर गेले. काठावरचे सगळे पंप एकाच लायनीवर होते आणि दहाच्या सुमाराला सगळे एकदम सुरू व्हायचे. गुलाबरावांनी मीटर लावला. काटा तीनशे चाळीसवर थांबला. त्यांना वाटलं मीटर बिघडला. त्यांनी तारा साफ करून पुन्हा लावला. तीनशे चाळीस.

कंपनीचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर होता. तिथं व्होल्टेज कमी झालेलं अकरा वर्षांत त्यांनी पाहिलंच नव्हतं. इथं मात्र दाब कमी पडला की मोटार जास्त करंट ओढत होती, आणि त्यांनी घातलेली बारीक तार तापून जात होती.

डोळे अधू झाल्यानं काम सोडलेले भैय्यालाल मिस्त्री भंडाऱ्यात आपल्या बंद दुकानापुढं तंबाखू मळत बसले होते. गुलाबरावांनी विचारलं, "दादा, तेहतीसच फेरे काहून घालत होता?"

मिस्त्री हसले. "तुमचं पुस्तक कंपनीचं, बापा. करंट कारध्याचा. बत्तीस घातले तर लाइन चढल्यावर जळे, चौतीस घातले तर लाइन उतरल्यावर. दोन्ही जाळून पाहिल्या मी."

घरी येऊन गुलाबरावांनी गणित मांडलं. कमीत कमी तीनशे चाळीस आणि पंप बंद असताना चारशे वीस, असं व्होल्टेज पाहून मधला आकडा धरला, तीनशे ऐंशी. उत्तर आलं तेहतीस. त्यांनी त्या आकड्याभोवती गोल काढला.

तिसऱ्यांदा मोटार मागायला गेले, तेव्हा सेवकराम हात जोडून म्हणाले, "नका जी आता."

"जळली तर पाटी उतरवतो."

"तुमच्या पाटीचं मी काय करू? इथं वांगी वाळून राहिली!" पण दुसरी सोय नव्हती, म्हणून मोटार दिली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उषाबाई आली ती रिकामी पेटी घेऊन. तिनं काही विचारलं नाही. आनंदच्या चड्ड्या, विशाखाची पुस्तकं पेटीत रचायला लागली. गुलाबरावांनी आनंदची पाटी आणून दिली; दुकानात अजून दुसरं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मुदत तिनं घातली होती, मंजूर त्यांनी केली होती.

एवढ्यात दारात बैलगाडी थांबली. सेवकराम उतरले, मागं गाडीत वांग्यांचं पोतं आणि तीन जळक्या मोटारी.

"शेजाऱ्यांच्या हायेत. मी म्हटलं, चाला, पोचवून देतो."

उषाबाई पुढं आली. "दादा, खरं सांगा. यांनी बांधलेली मोटार चालते काय?"

"हाव ना बाई. दीड महिना होत आला. मी थकलो, थे काही थकत नाही."

उषाबाईनं पेटीत पुन्हा एकदा पाहिलं. मग वळून म्हणाली, "विशे, तुझा शाळेचा ड्रेस दिसत नाही."

"बाबांच्या पेटीत वाळत आहे."

लाकडी पेटीत, दोन बल्बांच्या मधे निळा फ्रॉक टांगला होता. उषाबाईनं तो काढला, नाकाशी धरला आणि गुलाबरावांकडे पाहिलं. "वार्निशचा वास मारून राहिला! असा घालून शाळेत जाईल काय पोर?"

"कोणत्या शाळेत?" गुलाबरावांनी विचारलं.

"इथल्याच. दुसरी कोणती?" ती म्हणाली आणि फ्रॉक पुन्हा धुवायला घेऊन गेली.