खळ उतरलेला दोरा

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात सिद्धराम बंद मागासमोर बसला होता. संपलेल्या बीमच्या, म्हणजे उभ्या दोऱ्यांच्या रुळाच्या, एकेका दोऱ्याला नव्या बीमचा दोरा पिळून जोडायचा, हे त्याचं काम. बोटांना राख लावायची, चिमटीत दोन टोकं धरायची, पिळायची. बघावं लागत नसे, चिमटीला कळे. उन्हाळ्यापासून उजव्या चिमटीला काही कळत नव्हतं.

"सिद्धाण्णा, दोरा जोडतोस की सोयरीक?" मालक महेश्वरशेठ जाता जाता म्हणाले.

"सोयरीक लवकर जमती, शेठ."

पिळलेला दोरा सुटून लोंबला.

मागच्या वर्षी डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं होतं. पित्त म्हणून सोडून दिलं. बोटांची जाणीव गेली तेव्हा मात्र मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावलं. शरीराच्या राखणदार पेशी छातीतल्या एका ग्रंथीत शिकतात, आपलं काय आणि परकं काय. आपल्यावरच उठणाऱ्या तिथंच संपवल्या जातात. पण नसांवरच्या आवरणाची ओळख तिथं पुरती होत नाही, म्हणून काही निसटतात. त्यांना दाबून ठेवणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. सिद्धरामच्या अंगात त्या कमी पडल्या आणि निसटलेल्यांनी नसांचं आवरण कुरतडलं.

आवरण म्हटल्यावर तो सावरून बसला. ताण्याच्या उभ्या दोऱ्याला खळ देतात. ती नसेल तर दोरा मागावर घासून तुटतो.

"खळ उतरली म्हणा की, बाई. परत देता येत असंल."

"शरीर थोडी देतं. पण दर वेळी पातळ. औषधानं हल्ले कमी होतील. गेलेलं येईल, असं मी म्हणणार नाही."

त्यानं 'थोडी देतं' एवढंच घरी आणलं. गोळ्यांबरोबर रोज तांब्याभर भाताची पेज पिऊ लागला.

"पेज पिऊन बोटं येत्यात व्हय?" बायको गौरम्मा म्हणाली. ती त्याच कारखान्यात आडव्या दोऱ्याच्या कांड्या भरायची.

"खळ कशाची असती? पिठाचीच की."

दुपारी माग सुरू झाला आणि उजव्या बाजूचे दोऱ्यांचे सांधे तटातट सुटले. शेठनी गौरम्माला हाक मारली. गौरम्मा कांड्या टाकून आली, बोटांना राख लावून बसली. सिद्धराम मागं उभा राहिला.

"शेठ म्हणत्यात, उद्यापासनं मीच बसायचं."

"बस."

"पेज डब्यात हाय."

"न्हाय लागत."

उद्या सातच्या पाळीला पलीकडचा माग बंद असेल. त्याचं बीम संपत आलंय. ते गौरम्मा जोडणार आहे.