पट्टीवाले भाऊजी

आमचे पट्टीवाले भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडं नाही, भिंतींकडं बघायचे. चहाचा कप हातात अन् नजर दाराच्या चौकटीवर. आमच्या नव्या सुनेला वाटलं, हे जाळीजळमटं बघताहेत. बिचारीनं दुसऱ्या दिवशी सगळं घर झाडून काढलं. जळमटांचं त्यांना काही नव्हतं हो, ते भेगा शोधायचे.

जन्म गेला होता धरणाच्या, कालव्याच्या कामांवर मुकादमकी करण्यात. भेग दिसली की जुन्या कॅलेंडरची बोटभर रुंद पट्टी फाडायचे, माझ्याकडं कणकेची खळ मागायचे, पट्टी भेगेवर आडवी डकवायचे अन् वर तारीख घालायचे. "वहिनी, कागद फाटला तर भेग जिती. नाय फाटला तर मेलेली, तिला भ्यायचं नाय." अन् मग ठरलेलं वाक्य, "पर लपवायची मातर नाय. लपवलेली भेग घर खाती."

त्यांचा एकुलता मुलगा कॅनडात. त्यानं शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं छोटा बंगला बांधला, सुट्टीत येऊन राहायला. दोन वर्षांतून एकदा, पंधरा दिवस. आपल्याला ते हर्सूल, पण त्याच्या लेकीला परदेशातलं घर. 'इंडियाचं घर' म्हणायची ती. बायको गेल्यावरही भाऊजी राहिले आमच्या शेजारच्या दोन खोल्यांतच. मी म्हणायचे, एवढा बंगला रिकामा अन् तुम्ही इथं का? तर म्हणायचे, "त्ये पाहुण्याचं घर हाय. आपुन राखणदार." पण रोज सिटी बसनं जायचे, खिडक्या उघडायचे, नळ सोडून बघायचे, नातीच्या पलंगावरची चादर झटकायचे. दोन दोन वर्षं त्या पलंगावर कुणी झोपलेलं नसायचं, तरी झटकायचे.

मागं भूकंपाचा धक्का बसला त्या सकाळी माझ्या मांडणीतली ताटं वाजली, तेवढंच. तासाभरात मुलाचा फोन आला, माझ्या मोबाइलवर, कारण भाऊजींचा साधा. बाबा बरे आहेत ना, हे त्यानं आधी विचारलं. खोटं कशाला बोलू. मग म्हणाला, काकू, बंगल्याच्या सगळ्या भिंतींचा व्हिडिओ आजच पाठवाल का? भाऊजी असे खुलले की काय सांगू. म्हणाले, यंदा दिवाळीला येतंय पोरगं, त्याबिगर विचारंल व्हय?

गेलो दोघं. ते काठीनं फरशा ठोकून बघत पुढं, मी मोबाइल धरून मागं. सगळं ठीक. नातीच्या खोलीत मात्र खिडकीच्या वर तिरकी भेग, ताजी. खाली कट्ट्यावर चुना सांडलेला. मी मोबाइल वर केला तर भाऊजी मध्ये येऊन उभे राहिले.

"ही भिंत ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, अहो, लपवायची नाय म्हणता ना?

"पोरीची खोली हाय वहिनी. भेग बघून यायची नाय ती."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी भेग लपवली, अन् मी लपवू दिली.

संध्याकाळी फोन आला. भाऊजी समोरच होते, म्हणून मी आवाज मोठा केला. मुलगा म्हणाला, बरं झालं काकू, घर शाबूत आहे. घेणारे तेवढ्यासाठीच अडून बसले होते. आमचं काही येणं होत नाही, महिनाअखेर विकून टाकू. बाबांना सांगणारच होतो.

 भाऊजींनी फोन हातात घेतला. "नातीच्या खोलीत भेग हाय. मीच दावली नाय. घेणाऱ्याला सांग."

माझ्या मनात आलं, मोडू दे मेला हा सौदा. पण मुलगा म्हणाला, सांगतो बाबा, तुम्ही भरून घ्या. घेणाऱ्यांचीही हरकत नव्हती. भाऊजींनी आधी पट्टी डकवली. आठ दिवस रोज जाऊन बघून आले. कागद फाटावा असं वाटत होतं का त्यांना? विचारायची माझी छाती झाली नाही. नवव्या दिवशी म्हणाले, "मेलेली हाय." स्वतःच्या हातानं भरली, रंग लावला, किल्ली देऊन आले.

त्यानंतरही बसच्या वेळेला टोपी घालून पायरीवर बसायचे. बस जायची. मी डबा नेऊन द्यायचे, तर दारातच हातातून घ्यायचे. थंडी सरता सरता गेले.

मुलगा आला. राहायला घर नव्हतं, हॉटेलात उतरला. खोल्या आवरायला मी सोबत गेले. त्यानं खुंट्यांवरचे बापाचे सदरे काढले तर मागं छतापासून खालपर्यंत भेग, अन् तिच्यावर एकाखाली एक पाच पट्ट्या. पाचही फाटलेल्या.

"काकू, हे काय आहे?"

मी सगळ्यात वरच्या पट्टीवरची तारीख वाचली. भूकंपाचा धक्का बसला, त्याच दिवसाची. त्या दिवशी मी बस धरून हर्सूलच्या पुढचं घर बघायला गेले होते. हे दार माझ्या दारापासून चार पावलांवर. तुमच्या घराला काही झालं का हो भाऊजी, असं मी एकदाही विचारलं नव्हतं.