पाळण्यावरचा मनी प्लांट

माझ्या दोन वर्षांच्या सुमीची जीभ सुजली होती, लाळ गळत होती, आणि सासूबाई तिच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळत होत्या. पोरीच्या मुठीत मनी प्लांटचं चावलेलं पान होतं.

"आत्याबाई, हा वेल अळूसारखा खाजरा हाय. डॉक्टरकडं नेते."

"गप गं! लक्ष्मीचा वेल हाय, मुद्दाम चोरून आणलाय मी. पोरीला नजर लागलीय."

पोर हिसकावून मी रेवदंड्याहून रिक्षानं अलिबाग गाठलं. लक्ष्मी त्या घरात कधी आलीच नाही.

आज पणतवाच्या पाळण्यावर तसलाच वेल लोंबत होता. तीच चकचकीत हिरवी पानं. मी तो ओढून उकिरड्यावर फेकला.

"आये, शेजारणीच्या कुंडीतून चोरला होता, भरभराट होते त्यानं!" असं माझ्यावर ओरडणारी बाई म्हणजे त्या दिवशी वाचलेली सुमीच.