उघड्या डोक्याचा चार

नागावच्या आमच्या वाडीतून गाडी रस्त्यावर आणली आणि पहिल्याच वळणावर तिनं असा बार काढला की सुपारीवरचे कावळे उडाले. शेजारी आप्पा, माझे वडील, बसले होते. पूर्वीचे आप्पा असते तर तिथल्या तिथं उतरून बॉनेट उघडलं असतं. आताचे आप्पा मांडीवर हात ठेवून समोर बघत बसले. मला त्या बारापेक्षा त्यांचं ते बसणं जास्त टोचलं.

गाडी म्हणजे दोन दारांचं, आठ सिलिंडरचं जुनं अमेरिकन धूड. मुंबईच्या एका शेठजींच्या बंगल्यात ती कित्येक पावसाळे सडत होती. आप्पा तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायचे. शेठजी म्हणाले, "मास्तर, न्या तुम्हीच." आप्पांनी रविवार आणि सुट्ट्या घालवून तिला उभी केली. स्पार्क प्लगच्या आठही केबलींवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून त्यांनी मराठी आकडे घातले, कारण मदतीला येणारी तंत्रशाळेतली खेड्यातली पोरं मराठी आकड्यांत वाढलेली. मी मात्र इंग्रजी शाळेतली, आणि आता पनवेलला चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते.

दिवाळीत प्लग साफ करायचे म्हणून मी सगळ्या केबली काढल्या. आप्पा दुपारी आडवे झाले होते. ते उठायच्या आत मी पट्ट्या बघून केबली परत लावल्या आणि त्यांना उठवून चावी फिरवली. इंजिन जागच्या जागी थडथडायला लागलं आणि मागच्या नळीतून धडाधड बार. मी म्हणाले, "आप्पा, तुमचे नंबरच चुकले असतील." इंजिनाकडे बघत ते म्हणाले, "असतील." त्यानंतर त्यांनी पान्ह्याला हात लावला नाही.

हल्ली ते गॅस बंद केला की नाही ते विसरतात, एकच गोष्ट दोनदा विचारतात. पुण्याच्या माझ्या भावाला तेवढं निमित्त पुरलं. "स्वतः घातलेले नंबर चुकले म्हणजे झालंच की. आप्पांना पुण्याला आणू आणि वाडीला कुलूप लावू," तो म्हणाला. मी त्याच्याकडून गाडीचं खरं दुखणं शोधायची एक संधी मागून घेतली. जवळपासच्या गॅरेजवाल्यांनी तीनदा कार्ब्युरेटर खोलला होता. दरवेळी "कचरा आला असेल," एवढंच. मग कुणीतरी म्हसळ्याच्या इस्माईलभाईंचं नाव सांगितलं. त्यांची निम्मी हयात कुवेतला असल्याच गाड्यांखाली गेली होती.

रेवदंड्याची खाडी ओलांडली, काशीदचा समुद्र उजव्या हाताला आला. एरवी इथं मी थांबले असते. पण थांबावं तर इंजिन बंद पडेल आणि पुन्हा सुरू होईल की नाही, याची धास्ती. मुरूडला आंबोळ्या खाल्ल्या त्याही इंजिन चालू ठेवून, आळीपाळीनं. हॉटेलवाला पैसे घेताना म्हणाला, "ताई, गाडीला हिव भरलंय." खरंच तसंच वाटत होतं.

आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवताना तिनं सगळ्यात मोठा बार काढला. टोपलीत कोंबड्या घेऊन बसलेली एक बाई दचकली, मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "बाय, वरात हाय का तुमची?"

"नाही हो मावशी, वडिलांना घेऊन निघालेय."

"मंग फटाके कशाला?"

सगळी बोट हसली. आप्पाही हसले, पण लगेच मला हळूच म्हणाले, "वसू, माझ्यामुळं तुझं हसं होतंय." पाण्यावर जंजिऱ्याचा काळा तट दिसत होता. मी त्याच्याकडे बघितल्यासारखं केलं.

दिघीला उतरून डोंगरातल्या वळणांनी म्हसळ्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. इस्माईलभाईंचं गॅरेज म्हणजे घरापुढचा पत्र्याचा मांडव. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी आम्हाला आधी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि गाडीला हातही न लावता नुसतं ऐकत उभे राहिले.

"गुरुजी, हिचा क्रम काय?" त्यांनी विचारलं. म्हणजे आठ सिलिंडरांत ठिणगी कोणत्या क्रमानं पडते तो.

सकाळी काय खाल्लं ते आप्पांना आठवलं नसतं, अशी माझी खात्री होती. ते खुर्चीतूनच म्हणाले, "एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन." पाढा म्हणावा तसं.

"वा," इस्माईलभाई म्हणाले. मग एक रबरी नळी कानाला लावून दुसरं टोक कार्ब्युरेटरच्या बुडाभोवती फिरवलं. "हवा कुटं शिरत न्हाय. कार्ब्युरेटरला उगाच बदनाम केलाय." हातमोजा चढवून ते चालू इंजिनाची एकेक केबल क्षणभर काढून परत लावू लागले. केबल निघाली की इंजिन अडखळायचं.

"काढल्यावर अडखळतो तो कमावता सिलिंडर," ते मला म्हणाले. "काढून फरक पडला न्हाय तर तो फुकट खाणारा."

उजवीकडच्या रांगेतल्या चार नंबरच्या सिलिंडरची केबल काढली तर इंजिन उलट जरा शांत झालं. आठ नंबरची काढली तर बार थांबले. इस्माईलभाईंनी इंजिन बंद केलं आणि बोटानं दाखवलं. एक केबल ताणून बसवलेली, दुसरी लोंबती. "आठवा मागं, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या जवळ हाय. त्याला आखूड केबल पुरते. हितं लांब केबल जवळच्याला आन् आखूड लांबच्याला. हे लावलं कुणी?"

"मी," मी म्हणाले. "पण पट्ट्यांवरचे नंबर बघूनच लावलं."

त्यांनी लोंबत्या केबलीची पट्टी फडक्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली. "वाचा."

"आठ," मी म्हणाले.

"नीट वाचा."

मी वाचलं. तो ४ होता. आप्पांच्या सुबक अक्षरातला मराठी चार. मी तो इंग्रजी आठ समजून आठव्याला लावला होता, आणि शेवटी उरलेली केबल न वाचताच उरलेल्या जागी खोचली होती. दुसऱ्यांच्या नजरेचे नंबर काढणाऱ्या मला घरचा आकडा वाचता आला नव्हता. वर दोष मी आप्पांना दिला होता. मला अतिशय लाज वाटली.

इस्माईलभाईंनी दोन केबलींची अदलाबदल केली. "बिस्मिल्ला," म्हणून चावी फिरवली. इंजिन एकसारखं, खालच्या आवाजात बोलू लागलं. आप्पा खुर्चीतून उठले, वाकले आणि कान देऊन ऐकत राहिले.

"आप्पा, तुमचे नंबर बरोबर होते. चूक माझी होती," मी म्हणाले.

"दोन तऱ्हेचे आकडे आले की असंच व्हतं," इस्माईलभाई मला सांभाळून घेत म्हणाले. "मी बी कुवेतला पयल्या वर्षी फसलो. तितला पाच म्हंजे नुस्ता वाटोळा. मी शून्य वाचला, आन् मालकानं तीन दिवस माझं तोंड बघितलं न्हाय."

त्यांच्या बायकोनं, मरियमभाभींनी, सांदण (तांदळाच्या रव्याचे वाफवलेले गोड वडे) नारळाच्या दुधात घालून आणले. आप्पांनी दोन जास्त खाल्ले आणि इस्माईलभाईंशी ठिणगीच्या टायमिंगवर वाद घातला. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना कुणाशी तरी भांडताना पाहिलं.

परतीच्या बोटीवर गाडी गुपचूप चढली. पाण्याच्या मध्यावर आप्पांनी विचारलं, "वसू, चूक कुणाची निघाली गं?"

"माझी, आप्पा. मी चारचा आठ वाचला."

"असं होय," म्हणून ते समाधानानं मागं रेलले. मुरूडला त्यांनी पुन्हा विचारलं. काशीदला पुन्हा. आप्पा विसरतात हे खरंच होतं; म्हसळ्यालाही त्यावर इलाज नव्हता. भावाला मी सांगणार होते ते एवढंच, की विसरणं निराळं आणि चुकणं निराळं, आणि चुकले होते ते आप्पा नव्हते. प्रत्येक वेळी "माझी" म्हटल्यावर त्यांचा चेहरा नव्यानं मोकळा व्हायचा, म्हणून प्रत्येक वेळी सांगायला मला बरंच वाटत गेलं.

वाडीत पोचलो तेव्हा अजून उजेड होता. मी एक पांढरी पट्टी घेतली, तिच्यावर लिहिलं, "४ आणि ८ आप्पांनी बरोबर घातले. चूक वसूची," आणि ती बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली. मी नसताना त्यांना पुन्हा शंका आली तर तिथं वाचता येईल.

आप्पांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. मग माझ्या हातातलं पेन मागून घेतलं.

"चार मिटवू नये," ते म्हणाले. "चारचं डोकं उघडं असतं." आणि वरची टोकं जुळलेला माझा ४ खोडून त्यांनी शेजारी स्वतःचा काढला.