ग्रामीणपणाचे गुण

आपल्याला लिहिण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न हे पहिले वाक्य लिहितानाही मला सतावतो आहे. मी आयुष्यभर बेळगावच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बायोकेमिस्ट्री शिकवली. रक्तातील साखर आणि लघवीतील प्रथिने यांखेरीज अन्य विषयावर चारचौघांत बोलण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. निवृत्तीनंतर प्रथमच लेखणी उचलते आहे, तेव्हा वाचकांनी हे धाडस पोटात घालावे.

तर, मी एका मरून रंगाच्या सोफ्यावर बसले होते. सोफ्यावरचे प्लास्टिक काढलेले नव्हते, त्यामुळे जरा हलले तरी आवाज होई आणि सगळे माझ्याकडे पाहत. माझ्या ओटीत नारळ होता. कपाळाला नुकतेच हळदीकुंकू लागले होते. समोर दारात उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीने विचारले,

"मग मॅडम, पसंत हाय न्हवं आमची पोरगी?"

मी मुलगी बघायला आले नव्हते. वैद्यकीय शिक्षणासाठी ग्रामीण विद्यार्थी निवडायला आले होते.

हे थोडे समजावून सांगायला हवे. डॉक्टर होण्यासाठी नीट नावाची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या गुणांवर सीट मिळते. गुण थोडे कमी पडले तर सीट खाजगी कॉलेजात मिळते, आणि तिथली फी ऐकून घरचे लोक गप्प होतात. आमच्याशी संलग्न असलेली एक संस्था अशा काही ग्रामीण मुलांची संपूर्ण फी भरत असे. मोबदल्यात मुलांनी बॉण्ड द्यायचा. म्हणजे शिक्षण संपल्यावर संस्थेच्या खेड्यातील दवाखान्यात ठरावीक वर्षे काम करण्याचा लेखी करार. मुलगा खरोखर ग्रामीण आहे का, हे पाहण्यासाठी दोन जणांची समिती त्याच्या घरी जाई आणि गुण देई. घर जितके साधे, सोयी जितक्या कमी, तितके गुण जास्त. मात्र गुण कशाला मिळतात हे घरच्यांना सांगायचे नाही, असा सक्त नियम होता.

समितीत अध्यक्ष डॉ. हिरेमठ. निवृत्त सर्जन, बोलण्यात रोखठोक. दुसरी मी. आपण येणार असे घरच्यांना आधी कळवायचे, हीही संस्थेची पद्धत. सगळा घोटाळा त्या सौजन्यामुळे झाला.

खानापूरच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेले ते गाव. मुलीचे नाव अश्विनी गावडे. वडील भाताची शेती करत आणि फारसे बोलत नसत. ती कसर त्यांचे थोरले भाऊ, तात्या, भरून काढत. बेळगावहून दोन मोठी माणसे मुलीला बघून पसंत-नापसंत ठरवणार, एवढाच निरोप गावाला समजला होता. आणि अशा प्रसंगी काय करायचे, हे गावाला पिढ्यान् पिढ्या पाठ होते.

अंगणात रांगोळी होती. दारात एक पांढरी मोटार उभी होती. खिडक्यांना लग्नघरासारखे पडदे होते. कोपऱ्यात मोठा फ्रीज होता. त्याची वायर मात्र भिंतीपर्यंत पोहोचत नव्हती. त्यातून काढलेले सरबत आम्हाला कोमट प्यावे लागले.

हिरेमठांनी गुणपत्रक मांडीवर घेतले. मोटार: शून्य. फ्रीज: शून्य. सोफा: शून्य.

"मुलीची शाळा कुठली?" त्यांनी विचारले.

"इंग्लिश मीडियम!" तात्या म्हणाले.

"कागदावर तर गावची मराठी शाळा आहे."

"त्ये कागदावर, सायेब. डोस्क्यानं इंग्लिश मीडियमच हाय पोरगी."

"शेतात काम करते?"

"छ्या! उनात पाय ठेवू दिला न्हाय आम्ही. आजून भात कुठल्या झाडाला येतंय, ठावं न्हाय तिला."

अश्विनी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या बोटांवर विळ्याचे जुने वण मला बसल्या जागेवरून दिसत होते. तिने ती बोटे ओढणीत घेतली.

"डॉक्टर झाल्यावर या भागात कायमची परत येईल का?" हा हिरेमठांचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. इथे 'नाही' आले की नाव बाद.

तात्यांना तो हुंड्याइतका नाजूक विषय वाटला असावा. ते सोफ्यावर पुढे सरकले. प्लास्टिक करकरले.

"त्याची काळजीच सोडा. गावाचं तोंड बघणार न्हाय ती. थेट परदेश! माझी गॅरंटी."

हिरेमठांचे पेन थांबले. ते मला हलक्या आवाजात, आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "मॅडम, हे लोक आपल्याला कशाला बोलावले की?"

तेवढ्यात बायकांनी मला आत नेले. सासूला आत नेतात तसेच. अश्विनीची आई चुलीपुढे बसली होती. ती माझा हात धरून म्हणाली, "मोठं डॉक्टर पेन लई चालवायलेत. चांगलंच लिवलं आसंल न्हवं? हितं न्हाय जमलं तर तिची डॉक्टरकी सुटली बघा, मॅडम. फी भरायचा शेवटचा दिवस जवळ आलाय. सीट जातीया."

मी नियमाने बांधलेली होते. मी म्हणाले, "पोहे छान झाले आहेत." अजून मला पोहे मिळाले नव्हते.

मग ते आले. आपल्याकडे भांड्यांवर मालकाचे नाव कोरण्याची पद्धत आहे. माझ्या ताटलीवर 'सौ. पार्वती कल्लाप्पा पाटील' असे होते. चमच्यावर 'गुरव'. पाण्याच्या तांब्यावर 'चि. रवीच्या बारशाप्रीत्यर्थ'. गावडे हे नाव एकाही भांड्यावर सापडेना. मी बाहेर आले आणि माझी रिकामी ताटली हिरेमठांपुढे वाचता येईल अशी धरली. त्यांनी पोहे बाजूला सारून आपल्या ताटलीचा तळ पाहिला. ते काही बोलणार, तोच दारात एक गृहस्थ घाईघाईने आले.

"तात्या, पावणं जेवणाआधी जातील म्हणालतास! आमच्या रेखाला बघायला मंडळी पुलापतूर आलीत. सोफा दे बघू."



"शिवाजी, जरा दम धर की रं," तात्या दातांवर दात ठेवून म्हणाले.

"काय दम धरू? त्यास्नी काय पोत्यावर बसवू?"

हिरेमठ उभे राहिले. मीही नारळासकट उठले. शिवाजी आणि तात्या या दोघांना सोफा दारातून काढता येईना, तेव्हा हिरेमठांनीच एक कोपरा धरला आणि "तिरका करा, तिरका!" असे ऑपरेशन थिएटरमधल्या आवाजात बजावत तो अंगणापर्यंत पोहोचवला. सोफा निघाल्याचे पाहून बाकीच्यांनाही आपापल्या वस्तू आठवल्या. रेखाच्या घरी फ्रीजही हवा होता. पडदेही तिकडेच गेले. मोटारीचा मालक किल्ली मागून घेऊन गेला. शेवटी पार्वतीबाई स्वतः आल्या आणि माझ्या हातातली ताटली संकोचाने घेऊन गेल्या. मोटार हलताच शेजारच्या गोठ्यात दडवलेली म्हैस सुटली आणि नेहमीच्या जागी, म्हणजे दाराशी, येऊन उभी राहिली.

तात्या रिकाम्या खोलीच्या मधोमध ताठ उभे होते. "नवीन सोफा सांगितलाय," ते म्हणाले. "म्हणून जुना दिला."

आम्ही घोंगडीवर बसलो. हिरेमठांनी गुणपत्रकावरचे शून्य एकेक करून खोडले. मग अश्विनीकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारला, "परत येणार का?"

"आगं, परदेश म्हण," तात्या कुजबुजले.

"तात्या, तुमी गप्प बसा," ती म्हणाली. "बॉण्डची वर्सं मी काम करीन, सर. एक दिवस कमी करणार न्हाय. त्याच्या पुढचं मला आज म्हाईत न्हाय. म्हाईत हाय म्हणाले तर ते बी मागून आणलेलंच हुईल."

तिची आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

परतीच्या वाटेवर गाडीत गुणपत्रक पुन्हा बाहेर आले. मग हिरेमठ म्हणाले, "मॅडम, कॉलममध्ये 'हो' आणि 'नाही' असे दोनच खण आहेत. 'माहीत नाही'ला खण नाही. काय करायचे?"

एरवी मी "आपण म्हणाल तसे" असे म्हटले असते. त्या दिवशी काय झाले ठाऊक नाही. मी म्हणाले, "सर, आजवर आपण ज्यांना निवडले ते सगळे 'हो' म्हणाले होते. त्यांतले बॉण्ड संपल्यावर किती राहिले?"

त्यावर गाडी थांबवायला लावून, सरळ रेघ यावी म्हणून दप्तर मांडीवर घेऊन, त्यांनी गुणपत्रकावर तिसरा खण आखला आणि त्यात खूण केली.

संस्थेच्या कार्यालयाने ते गुणपत्रक नियमबाह्य म्हणून परत पाठवले. हिरेमठांनी फोन केला. ते कानडीत काय बोलले ते मला शेजारच्या खोलीतून नीट ऐकू आले, पण इथे लिहिण्यासारखे नाही. फी वेळेत भरली गेली.

अश्विनी आता तिसऱ्या वर्षाला आहे. बायोकेमिस्ट्रीत तिला जेमतेम गुण मिळाले, हे मला सांगायला हवे. पुढे ती इथे राहील की नाही, हे तिला अजूनही माहीत नाही. मी दरवर्षी विचारते.

संस्थेने मात्र धडा घेतला. पुढच्या वर्षीच्या पत्रात 'घरात कोणताही बदल करू नये' असे वाक्य आले. त्याचा अर्थ लोकांनी बरोबर ओळखला. चिकोडी तालुक्यातील एका घरात आम्हाला पोत्यावर बसवले गेले आणि मातीच्या भांड्यातून पाणी दिले गेले. समोरच्या भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा एक स्वच्छ, कोरा चौकोन होता. तिथल्या मुलाने शेवटच्या प्रश्नाला, प्रश्न पुरा होण्याआधीच, 'हो' म्हटले. तेव्हापासून आम्ही न कळवता जातो. बहुतेक वेळा दाराला कुलूप असते आणि माणसे शेतात असतात. हिरेमठ त्याचेही गुण देतात.

शेवटचा प्रश्न मात्र गुणपत्रकावर अजून तसाच आहे, आणि तो विचारताना मी आजही अडखळते. म्हणून वाचकांनाच विचारते: अठराव्या वर्षी तुम्हाला कोणी समोर बसवून विचारले असते, की तू कायम इथेच राहशील का, तर तुम्ही काय उत्तर दिले असते?