टाकीच्या तोंडाशी

आमच्या ह्यांना धाटावच्या कारखान्यांतले कामगार टिपणीस सर म्हणतात. मीही सरच म्हणते, पण त्यांच्या म्हणण्यात आदर असतो. गोपाळ टिपणीस एका केमिकल कंपनीच्या आग विझवणाऱ्या विभागातून निवृत्त झाले. निवृत्त माणसानं सकाळी फिरायला जावं, पेपरातलं शब्दकोडं सोडवावं आणि बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसावं, अशी रीत आहे. सरांनी त्यातलं फक्त शेवटचं पत्करलं आणि उरलेल्या वेळात कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायला सुरुवात केली. पेणहून सकाळची रोह्याची गाडी धरायची, पुढे रिक्षानं धाटाव गाठायचं आणि कुठल्यातरी कंपनीच्या मागच्या मैदानात दिवसभर बोंबलायचं. हा शब्द मी विचार करून वापरला आहे. संध्याकाळी घरी आले की घसा बसलेला असे, आणि माझं ऐकून घेण्याशिवाय त्यांना गत्यंतर नसे. त्या काळात आमचा संसार सुखाचा होता.

त्यांची पद्धत अगदी साधी. अर्धं कापलेलं पिंप, त्यात डिझेल, त्याला काडी. मग एकेकाच्या हातात आग विझवायचा लाल सिलिंडर द्यायचा आणि मागे उभं राहून त्याच्या घराण्याचा उद्धार करायचा. आधी पिन काढ. वाऱ्याकडे पाठ कर. ज्वाळेवर काय मारतोस, मुळाशी मार. ज्यानं आपल्या हातानं आग विझवली नाही, त्याच्या सर्टिफिकेटवर सर सही करत नसत. मग तो साहेबाचा भाचा असो नाहीतर पुढाऱ्याचा जावई.

दुसरा धडा टाकीचा. केमिकलची मोठी टाकी रिकामी झाली की ती धुवायला माणूस आत उतरतो. टाकी रिकामी दिसते, पण आत कधी वायू साचलेला असतो, कधी श्वासापुरती हवाच नसते. म्हणून एकानं उतरायचं आणि दुसऱ्यानं तोंडाशी उभं राहून त्याला हाका मारत राहायचं. आतून उत्तर आलं नाही, तर बाहेरच्यानं ओरडून मदत बोलवायची, पण स्वतः आत उतरायचं नाही. उतरला, तर एकाच्या जागी दोन जातात. हा धडा मात्र सर हळू आवाजात घ्यायचे. ते मला म्हणायचे, "वृंदा, आग बघून माणूस मागे सरतो. टाकीत सोबती पडलेला बघून तो पुढे जातो. चांगला माणूस आधी जातो."

मग करोना आला आणि सगळं जग मोबाईलमध्ये जाऊन बसलं. मी तेव्हा पेणच्या शाळेत मराठी शिकवत होते. वर्षभर मी मुलांच्या घरच्या पंख्यांना निबंधलेखन शिकवलं, त्यामुळे ऑनलाइन शिक्षणाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो इथे लिहीत नाही. पुढे करोना गेला, पण ऑनलाइन काही गेलं नाही. कारण ते स्वस्त पडतं, हे तोवर सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

धाटावच्या एका कंपनीत श्रेयस नावाचे नवे सुरक्षा अधिकारी आले होते. ते आमच्या घरी पेढे घेऊन आले. "सर, तुमचं ज्ञान मैदानापुरतं का राहावं? आपण तुम्हाला घराघरांत पोचवू," म्हणाले. सर विरघळले. पेढे मी खाल्ले. मैदानावरच्या वर्गासाठी कामगाराचा एक दिवस मोडतो आणि डिझेल जळतं, तो खर्च वाचावा म्हणून हे सगळं चाललं होतं, एवढं मला दुसऱ्या पेढ्यापर्यंत समजलं होतं. सरांना समजायला वेळ लागला.

व्हिडिओ आमच्या मागच्या अंगणात काढले. कॅमेरा धरायला मी. मैदानात ज्यांचा आवाज कुंडलिका नदीच्या पलीकडे जायचा, ते गोपाळ टिपणीस मोबाईलसमोर उभे राहिले आणि लग्नाच्या फोटोतल्यासारखे ताठ झाले. "कामगार बंधूंनो, अग्नी हा आपला मित्रही आहे आणि शत्रूही," असं काहीतरी शाळेच्या निबंधातलं बोलू लागले. मी म्हटलं, "अहो, नेहमीसारखं ओरडा." त्यांनी ओरडून दाखवलं, तर ते श्रेयस साहेबांना पसंत पडलं नाही. भाषा सौम्य ठेवा, प्रत्येक व्हिडिओ तीन मिनिटांत आटपा, आणि खरी आग नको, बघणाऱ्याला ताण येतो. शेवटी त्यांनी आगीच्या जागी चित्रातली ज्वाळा घातली. तिला दोन डोळे होते आणि ती हसत होती. टाकीचा धडा तेवढा सरांनी कापू दिला नाही. तो बोलताना ते कॅमेरा विसरले, आणि मी हात दुखत असूनही मोबाईल हलू दिला नाही.

व्हिडिओ बघायचे, खाली दिलेल्या प्रश्नांची उत्तरं दाबायची, की सर्टिफिकेट तयार. त्यावर सरांची सही छापूनच येई. सरांनी विचारलं, "मी माणूस पाहिला नाही, मग सही कशी?" श्रेयस साहेब म्हणाले, "सर, सही सिस्टीम करते. तुम्ही कशाला त्रास घेता?" घरी येऊन सर जेवले नाहीत. उद्या त्यातला एखादा टाकीत उतरला आणि वर आला नाही, तर त्याच्या कागदावर आपलं नाव असेल, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. मी म्हटलं, निकाल तरी बघा. निकाल भलताच उत्तम होता. मैदानात जी मंडळी पिन आणि मूठ यांतला फरक सांगू शकत नव्हती, ती आता शंभरपैकी शंभर मिळवत होती. इतकी हुशारी रायगड जिल्ह्यात एकदम कुठून उगवली, असा प्रश्न मला पडला. कंपनीला पडला नाही.

मार्चमध्ये सुरक्षा दिन आला. कंपनीनं कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. सरांचा सत्कार व्हायचा म्हणून मीही जरीची साडी नेसून गेले आणि धाटावच्या उन्हात वाफेवर मोदक शिजावा तशी बसून राहिले. शाल झाली, श्रीफळ झालं. मग वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षणार्थी म्हणून अमोल म्हात्रे नावाच्या कामगाराला वर बोलावलं. वरसे गावात राहणारा, अंगानं मजबूत, लाजराबुजरा मुलगा. त्यानं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. फोटोग्राफर सरसावला. पिंपाला काडी लावली.

अमोलनं सिलिंडर उचलला आणि मूठ दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली. मग त्यानं सिलिंडर हलवला, औषधाची बाटली हलवतात तसा. आगीला डोळे नव्हते आणि ती हसतही नव्हती, त्यामुळे तो गोंधळला असावा. तेवढ्यात घरच्यांच्या खुर्च्यांमधून एका बाईचा आवाज आला, "अवो, पिन काढा आधी. नि वाऱ्याकडं पाठ करा."

ती त्याची बायको, प्रतिक्षा. नवऱ्याला काही सुधरेना, तेव्हा ती पदर खोचून पुढे आली, सिलिंडर हातात घेतला आणि मुळाशी फवारा मारून आग विझवली. लोक हसले. अमोल पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. श्रेयस साहेबांनी माइक उचलला आणि म्हणाले, "बघा, आपलं प्रशिक्षण खरोखर घराघरांत पोचलं आहे." टाळ्या पडल्या. असल्या माणसाचं भवितव्य उज्ज्वल असतं.

सर शालीसकट खाली उतरले आणि थेट त्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले. "तुला कुणी शिकवलं?"

"तुमीच," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. अमोल रात्रपाळी करून आला की झोपायचा. परीक्षा आज संपवा, नाहीतर गेटवर आत घेणार नाही, असा कंपनीचा मेसेज यायचा. प्रतिक्षा बारावी झालेली. तिनं नवऱ्याचा मोबाईल घेतला, व्हिडिओ नीट बघितले आणि परीक्षा दिली. हे कळल्यावर शेजारणी आपापल्या नवऱ्यांचे मोबाईल घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. वरसे गावातले अर्धेअधिक कामगार तिच्या बोटानं पास झाले होते. सिलिंडर तिनंही त्या दिवशी पहिल्यांदाच धरला होता, पण धडा तिला पाठ होता.

मला हसू येत होतं. ते पुढच्या वाक्याला थांबलं.

"सर, यांनी मना सांगितलेला का कंपनीत मशीनची बटणं दाबतात," प्रतिक्षा म्हणाली. "ते टाकीत उतरतात हे मना तुमच्या व्हिडिओनंतर समजलं. मी विचारलं, तर म्हणाले, समदेच उतरतात. मग मी तो तुमचा प्रश्न विचारला, आतला सोबती बोलत नाय तर काय करशीला? तर म्हणतात, उतरीन नि त्याला काढीन. तवापासून रात्रपाळी असली का मना झोप नाय."

अमोल बाजूलाच उभा होता. तो हळूच म्हणाला, "मग काय करू? तो मरतोय नि मी वर उभा राहून बघू?"

सरांनी तिथल्या तिथे श्रेयस साहेबांना गाठलं. या सगळ्यांना मैदानात परत आणा, नाहीतर माझी सही काढून टाका. साहेब शांतपणे म्हणाले, "सर, निकाल शंभर टक्के आहे. वर कळवलंसुद्धा. आणि तुमची तब्येत बघता आम्ही तुम्हाला आता त्रास देणारच नव्हतो. व्हिडिओ आहेतच." म्हणजे टिपणीस सरांची नोकरी व्हिडिओतल्या टिपणीस सरांनी खाल्ली. तो ओरडत नाही, रिक्षाचं भाडं मागत नाही, आणि सहीचं म्हणाल तर झोपेतही करतो. परतीच्या गाडीत सर शाल मांडीवर घेऊन बसले होते. मी आयुष्यभर त्यांना टोमणे मारत आले, पण त्या दिवशी मला त्या साहेबाचा एवढा राग आला होता, की नागोठणं येऊन गेलं तरी एकही टोमणा सुचला नाही. माझा माणूस अडाणी ठरला असता तरी चाललं असतं. त्याला बिनकामाचा ठरवलेलं मला सहन झालं नाही.

पेण आल्यावर सर म्हणाले, "त्या पोराला मी रविवारी घरी बोलावलंय."

"आणि सिलिंडर? डिझेल?"

"ते त्याची बायको शिकवेल. मला त्याला टाकी शिकवायची आहे."

आमच्या मागच्या अंगणात जमिनीत पाण्याची टाकी आहे. सरांनी ती रिकामी केली. दोन दिवस झाकण उघडं ठेवलं, तोंडाशी टेबलफॅन लावला, मग आत बॅटरीचा उजेड टाकून बघितलं, मग पुन्हा फॅन लावला. ज्या टाकीच्या पाण्यावर आमची धुणी-भांडी होतात तिच्याशी ते असे वागत होते, जणू आत वाघ आहे. दोन दिवस पाणी शेजारून आणलं मी. कोणी कौतुक केलं नाही.

रविवारी रोह्याच्या गाडीनं अमोल आणि प्रतिक्षा आली. मी पोहे केले. सर शिडीवरून टाकीत उतरले आणि अमोलला तोंडाशी उभं केलं. हाक मारत राहा, एवढंच सांगितलं.

"सर?"

"हो."

"सर?"

"हो."

पुढच्या हाकेला उत्तर आलं नाही. अमोलनं आणखी एकदा हाक मारली आणि क्षणात त्याचा पाय शिडीवर होता. आतून आवाज आला, अगदी हळू. "गेलास. आता आपण दोघंही आत."

अमोल वर येऊन टाकीच्या कडेला बसला. "सर, माझ्याच्यानं व्हायचं नाय हे."

"तेवढंच शिकायचं आहे," सर आतून म्हणाले. "बाकी सगळं मोबाईलवर आहे. ऊठ."

दुसऱ्या वेळी हाका चालू झाल्या. सर उत्तर देत होते, मग थांबले. अमोलनं हाक मारली. पुन्हा मारली. त्यानं दोन्ही हातांनी टाकीची कड घट्ट धरली आणि "मदत करा, माणूस आत हाय" म्हणून असा ओरडला, की शेजारच्या कृष्णाबाई कुंपणाशी आल्या. तो ओरडत होता आणि पाय जमिनीला रुतवून उभा होता. त्याच्या तोंडावरून पाणी वाहत होतं, पण तो उतरला नाही. शिकला पोरगा, असं माझ्या मनात आलं. आता सर वर येतील आणि पोहे निवले म्हणून मलाच बोलतील.

सर वर आले नाहीत. नाटक कुठे संपवावं हे या माणसाला कधीच कळलेलं नाही. मी म्हटलं, "अहो." उत्तर नाही. "अहो, पुरे झालं. समजलं त्याला." आत नुसता अंधार. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली होती का, ते मला आठवेना. हाका नीट ऐकू याव्यात म्हणून मीच फॅन बंद केला होता. मी पुन्हा हाक मारली, या वेळी नावानं. लग्नानंतर कधी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. हातातली बशी कुठे ठेवली मला माहीत नाही. माझा एक पाय शिडीच्या पायरीवर होता, आणि माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं होतं.

प्रतिक्षा होती. तिची नजरही टाकीवरच होती.

"काकी," ती म्हणाली, "उतरायचं नाय."